दोन किल्ल्यांची खोली

रेल्वे स्थानकात, फलाटावरच्या गर्दीची नजर सहसा जात नाही अशा जागी, एक बंद खोली असते. तिला रिले रूम म्हणतात. गाडीला कोणता सिग्नल मिळेल, कोणता सांधा कोणत्या बाजूला वळेल, समोरचा रूळ मोकळा आहे की नाही, याचा सगळा हिशेब या खोलीतल्या तारांच्या जाळ्यात बांधलेला असतो. दाराला दोन कुलपे. एक किल्ली स्टेशनमास्तरकडे, म्हणजे परिचालन विभागाकडे. दुसरी सिग्नलची देखभाल करणाऱ्याकडे. आतली यंत्रणा सिग्नलवाल्यांची, ती बिघडली तर जाबही त्यांनाच. तरी स्टेशनमास्तरने आपली किल्ली लावल्याखेरीज त्यांना आत पाऊल टाकता येत नाही. स्टेशनमास्तरलाही एकट्याने आत जाता येत नाही.

व्यवस्थापनावर व्याख्याने देणाऱ्या एखाद्याला हे सांगितले तर तो हळहळेल. एकाच संस्थेचे दोन विभाग, आणि एवढा अविश्वास? मला मात्र ही खोली मोठ्या संस्थेतल्या सहकार्याचा फार चांगला नमुना वाटते. का वाटते ते सांगण्याआधी त्या हळहळणाऱ्या माणसाचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या बळानिशी मांडावा, लंगडा करून मग झोडपू नये, हा आपल्याकडच्या वादाचा जुना शिरस्ता आहे.

पूर्वपक्ष असा. संस्था वाढली की खाती पडतात. खाती पडली की प्रत्येकाला आपले अंगण, आपली माणसे, आपला मान दिसू लागतो. मग सवतेसुभे उभे राहतात. काम कोणाचे यावर पत्रव्यवहार होतो, आणि चुकले कोणाचे यावर त्याहून लांब पत्रव्यवहार होतो. गिऱ्हाईक, रुग्ण किंवा प्रवासी मधल्या मध्ये ताटकळतो. म्हणून भिंती पाडा, खाती एकवटा, सगळ्यांना एकच ध्येय द्या. जमल्यास लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर दोन दिवस नेऊन एका रंगाचे टी-शर्ट घाला आणि रस्सीखेच खेळवा. (रस्सीखेचीत दोन बाजू लागतात, हे आयोजकांच्या लक्षात येत नाही.) बँक असो, रुग्णालय असो, महापालिका असो, ‘सायलो तोडा’ हा मंत्र आज सगळीकडे सारखाच ऐकू येतो, आणि त्याला विरोध करणारा माणूस जुनाट ठरतो.

आपल्या देशात या मताचा सर्वांत मोठा प्रयोग भारतीय रेल्वेत झाला. १२ लाखांच्या घरात कर्मचारी, सुमारे ७० मंडळे, आणि अधिकाऱ्यांच्या आठ वेगवेगळ्या सेवा: वाहतूक, लेखा, कार्मिक, स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, सिग्नल आणि भांडार. २४ डिसेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या आठही सेवा एकत्र करून ‘भारतीय रेल्वे व्यवस्थापन सेवा’ ही एकच सेवा करण्याचा निर्णय घेतला. रेल्वे बोर्डही आवळले. पूर्वी जवळपास प्रत्येक खात्याचा एक सदस्य बोर्डावर असे. आता अध्यक्ष आणि चार सदस्य, तेही खात्यांच्या नावाने न ओळखता पायाभूत सुविधा, परिचालन, रोलिंग स्टॉक अशा कामांच्या नावाने. रेल्वेतला विभागवाद संपवायचा, हे कारण सरकारने उघडपणे सांगितले.

विभागवाद होता का? होता, आणि चांगलाच होता. डिझेल इंजिन यांत्रिकी विभागाचे, विजेचे इंजिन विद्युत विभागाचे. लांब पल्ल्याचा डबा यांत्रिकीचा, मुंबईची लोकल विद्युतची. त्यामुळे एखादा मार्ग डिझेलवर ठेवायचा की त्यावर विजेच्या तारा ओढायच्या, हा प्रश्न देशाचा असला तरी उत्तरावर एका खात्याच्या कार्यशाळा, पदे आणि बढत्या अवलंबून असत. अशा प्रश्नावर दोन खात्यांच्या टिपण्या वाचल्या तर दोघांनी वेगवेगळे अंकगणित शिकल्यासारखे वाटावे. प्रत्येक सेवेचा अधिकारी सहसा तिशीच्या आसपास रेल्वेत येई आणि साठीला निवृत्त होई. या मधल्या काळात त्याची बढती त्याच्याच सेवेच्या रांगेतून होई. त्याने आपल्या सेवेशी इमान राखले तर नवल नाही. पूर्वपक्षाचा हा मुद्दा मला मान्य आहे आणि पुढे मी त्याकडे परत येणार आहे.

आता खंडन.

सरकारने या निर्णयासाठी चार समित्यांचा आधार सांगितला: प्रकाश टंडन, राकेश मोहन, सॅम पित्रोदा आणि बिबेक देबरॉय. यांतल्या शेवटच्या समितीचे नाव त्या दिवसांत सर्वांत जास्त घेतले गेले. पण २०१५ च्या देबरॉय समितीने आठांची एक सेवा करायला सांगितले नव्हते. तिने दोन सांगितल्या होत्या. अभियांत्रिकीच्या चार आणि भांडार मिळून एक तांत्रिक सेवा. वाहतूक, लेखा आणि कार्मिक मिळून दुसरी. पूल बांधणारा आणि हिशेब तपासणारा एकाच साच्यातून काढता येत नाही, एवढे भान समितीला होते. निर्णय घेताना ते सुटले.

पुढे काय झाले? नव्या सेवेची भरती नागरी सेवा परीक्षेतून होऊ लागली. या परीक्षेतून चांगली माणसे येतात, यात शंका नाही. पण रुळाच्या वेल्डला तडा का गेला, ओव्हरहेड वायरला ताण किती हवा, हे इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्या पदवीधराला कुठून कळणार? तांत्रिक अधिकाऱ्यांची चणचण भासू लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने पुन्हा अभियांत्रिकी सेवा परीक्षेचे दार उघडले. तांत्रिक माणसे तिकडून, बाकीची नागरी सेवेतून. सेवेचे नाव एकच राहिले, पण त्या नावापुढे कंसात स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, सिग्नल, वाहतूक, लेखा अशी ओळख परत आली. पाच वर्षांत भिंत पाडून झाली आणि त्याच पायावर परत उभारून झाली. कोणी मूर्खपणा केला असे मी म्हणत नाही. भिंत कशासाठी होती हे न विचारता ती पाडली, एवढेच म्हणतो.

दुसरे उदाहरण पूर्वपक्षाचे लाडके आहे: वंदे भारत, मूळ नाव ट्रेन १८. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, महाव्यवस्थापक सुधांशू मणी यांच्या नेतृत्वाखाली ही गाडी सुमारे १८ महिन्यांत तयार झाली आणि १५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्ली–वाराणसी मार्गावर धावली. स्वतंत्र इंजिन नाही; मोटारी डब्यांखाली. म्हणजे ती डबाही होती आणि इंजिनही होती, यांत्रिकीही आणि विद्युतही. भिंती पाडल्या की काय घडू शकते याचा पुरावा म्हणून ही गाडी दाखवली जाते. पण तारीख पाहा. गाडी धावली फेब्रुवारीत, सेवा एकत्र करायचा निर्णय झाला डिसेंबरात. गाडी बनवणारे अधिकारी त्या आठ सेवांतलेच होते. यांत्रिकीवाला यांत्रिकीवाला राहून आणि विद्युतवाला विद्युतवाला राहून त्यांनी ती बनवली. त्यांच्याकडे एक वस्तू होती, एक मुदत होती, आणि दोन्ही बाजूंचे ऐकून तिथल्या तिथे निकाल देऊ शकेल असा एक माणूस त्याच आवारात होता. त्यानंतर चौकश्या लागल्या, निविदा रखडल्या, आणि पहिल्या दोन गाड्यांनंतर नव्या बनावटीची गाडी यायला सप्टेंबर २०२२ उजाडला. या खंडामागे विभागीय हेवेदावे होते असे बरेच जण म्हणतात, आणि त्यात तथ्य असावे. पण या साडेतीन वर्षांपैकी पावणेतीन वर्षे सेवा एक करण्याचा निर्णय झाल्यानंतरची होती, हेही मग सांगायला हवे.

आता मुळाशी जाऊ. विभाग भांडतात ते माणसे कोत्या मनाची असतात म्हणून, असे पूर्वपक्ष गृहीत धरतो. मुंबईकराला याचे उत्तर दर रविवारी वर्तमानपत्रातल्या एका चौकटीत मिळते. माटुंगा ते मुलुंड, धीम्या मार्गावर, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५, मेगाब्लॉक. ही चौकट वाचून आपण कपाळाला आठ्या घालतो आणि लग्नाला लवकर निघतो. पण ती चौकट हा दोन खात्यांमधला तह असतो.

रुळांची काळजी वाहणाऱ्या इंजिनिअरिंग विभागाला रूळ रिकामा हवा असतो. खडी ठासायची, झिजलेला रूळ बदलायचा, पुलाच्या गर्डरखाली जायचे तर वरून गाडी जाऊन चालत नाही. परिचालन विभागाला नेमके उलटे हवे असते: त्याच रुळावरून जास्तीत जास्त गाड्या, त्याही वेळेवर. एकट्या मध्य रेल्वेवर दिवसाला १,८०० च्या आसपास लोकल फेऱ्या असतात. यात कोण कोत्या मनाचा? कोणीच नाही. रूळवाल्याने ब्लॉकसाठी हट्ट धरला नाही तर उद्या रूळ तुटेल. परिचालनवाल्याने हट्ट धरला नाही तर आज ठाण्याच्या फलाटावर चेंगराचेंगरी होईल. दोघांनी आपापल्या बाजूने ओढावे म्हणूनच त्यांना पगार मिळतो. या दोघांना एकाच टोपीखाली आणले तर ओढाताण संपणार नाही. ती एका माणसाच्या डोक्यात शिरेल, आणि तिथे जे हरेल त्याची नोंद कुठल्याही वहीत राहणार नाही. गाडी वेळेवर धावली हे संध्याकाळी सगळ्यांना दिसते. रूळ आतून थकतोय हे कोणालाच दिसत नाही. दोन खाती भांडतात तेव्हा निदान थकलेल्या रुळाच्या बाजूने बोलणारे कोणीतरी टेबलाशी बसलेले असते.

हे केवळ रेल्वेपुरते नाही. हार्वर्डचे पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श यांनी १९६७ साली प्लास्टिक, खाद्यपदार्थ आणि डबे-बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्लास्टिकच्या धंद्यात, जिथे बाजार आणि तंत्र दोन्ही झपाट्याने बदलत होते, तिथे चांगल्या चाललेल्या कंपन्यांत खाती एकमेकांसारखी झालेली नव्हती. उलट संशोधनवाले, उत्पादनवाले आणि विक्रीवाले यांच्या विचारांत, काळाच्या अंदाजात, वागण्याबोलण्यात अंतर जास्त होते. आणि त्याच कंपन्यांत खात्यांची सांगडही जास्त घट्ट होती. फरक मिटवून सांगड घालता येते असे त्यांना दिसले नाही. फरक राखून, मतभेद समोरासमोर मांडून ती घातलेली दिसली. गोड बोलून वाद झाकणाऱ्या कंपन्या मागे पडल्या होत्या. हा अभ्यास व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो, आणि तो शिकून बाहेर पडलेले लोक भिंती पाडायचे सल्ले देतात, हा एक विनोदच आहे.

त्याही आधी, १९२० च्या दशकात, मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने आपला एक साधा अनुभव सांगितला होता. ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, ती मिळाली. तिला अंगावर थेट वारा नको होता, तो टळला. अर्धी खिडकी उघडली असती तर दोघेही कुरकुरले असते. पण शेजारची खिडकी सुचायला आधी दोघांनी आपले म्हणणे स्पष्टपणे बोलून दाखवावे लागते. ‘आपण सगळे एकच’ म्हणून एकाने तोंड मिटले असते तर तिला वारा सोसावा लागला असता किंवा त्याला उकाडा.

रेल्वेवाल्यांनी फॉलेट वाचली असेल असे नाही, पण शेजारची खिडकी त्यांनी शोधली आहे. तिला ते शॅडो ब्लॉक म्हणतात. रूळवाल्यांनी कुठे ब्लॉक घेतला की त्याच्या सावलीत ओव्हरहेडवाले तारा तपासतात, सिग्नलवाले सांध्यांची यंत्रे उघडतात, पादचारी पुलाच्या गर्डरचे काम असेल तर तेही उरकते. परिचालन विभागाने रूळ एकदाच सोडला, कामे चार झाली. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक झाला, तो याचाच मोठा अवतार होता. फलाट क्रमांक ५ आणि ६ रुंद करायचे होते. फलाट रुंद करायचा तर रूळ सरकवायला हवा. रूळ सरकला की वरची तार सरकायला हवी. त्याच सुमारास सीएसएमटीला फलाट १० आणि ११ लांबवण्यासाठी ३६ तासांचा ब्लॉक होता. तीन दिवसांत ९३० लोकल रद्द झाल्या, शहराने बोटे मोडली, आणि काम झाले. त्या ६३ तासांत खाती नाहीशी झाली होती का? अजिबात नाही. रूळवाला तारेला हात लावत नव्हता, तारवाला रुळाला.

हात का लावत नाहीत, ते पाहण्यासारखे आहे. तारेजवळ काम करायचे तर वीज बंद हवी. ती बंद करतो ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर, आपल्या कक्षातून. बंद झाल्याचे तो सांगतो, तरी जागेवरची माणसे त्यावर विसंबत नाहीत. दोन्ही बाजूंना दांडा लावून तार अर्थ करतात आणि परवाना लिहून घेतल्यावरच काम सुरू होते. सिग्नलवाल्याला सांध्याचे यंत्र उघडायचे असेल तर तो टी/३५१ हा नमुना भरून स्टेशनमास्तरला डिस्कनेक्शन मेमो देतो: अमुक सांधा, अमुक वेळेपासून, माझ्या ताब्यात. मास्तरने सही केली तरच. काम झाले की रिकनेक्शन मेमो, त्याआधी दोघांनी मिळून चाचणी. सांध्याची चाचणी तर मोठी नामी आहे. सरकणारा रूळ आणि स्थिर रूळ यांच्या फटीत ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरतात आणि यंत्र चालवतात. सांध्याला कुलूप लागता कामा नये. लागले, तर यंत्र खोटे बोलते आहे. या सगळ्याला मी लेखी अविश्वास म्हणतो. एका खात्याचा शब्द दुसऱ्याने आंधळेपणाने घ्यायचा नाही, आणि घ्यायचा नाही यात कोणाचा अपमानही नाही.

हा लेखी अविश्वास ढळला की काय होते, ते २ जून २०२३ ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकावर दिसले. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता, आणि तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलातली आणि फाटकाच्या कामातली चूक निघाली. त्या सांध्यांचे वागणे याआधीही वारंवार विचित्र झाले होते, आणि स्टेशनच्या माणसांनी ते सिग्नल विभागाला कळवले असते तर उपाय करता आला असता, हेही अहवालाने नोंदवले. पूर्वपक्ष म्हणेल, पाहा, विभागवादाने जीव घेतले. पण कमी काय पडले ते बघा. दोन खात्यांची मैत्री कमी पडली नाही. एकाने दुसऱ्याला लिहून कळवायचे राहिले, आणि जोडणी बदलल्यावर ती संशयाने तपासायचे राहिले. मैत्री असती तर कदाचित आणखीच कमी तपासले असते.

याची दुसरी बाजूही आहे. त्याच्या चार महिने आधी, ८ फेब्रुवारी २०२३ ला, कर्नाटकात होसदुर्ग रोड स्थानकावर संपर्क क्रांती एक्स्प्रेस चुकीच्या मार्गावर जाता जाता वाचली. चालकाच्या लक्षात आले आणि त्याने गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या परिचालन विभागाच्या प्रमुखांनी पत्र लिहिले: सिग्नलची माणसे मेमो न देता यंत्रणेत हात घालतात, यात गंभीर दोष आहे, वेळीच सुधारा. हे पत्र परिचालनवाल्याने सिग्नलवाल्यांच्या कामाविषयी लिहिले होते. पूर्वपक्षाच्या भाषेत हाच तो विभागवाद. मला विचाराल तर त्या वर्षात रेल्वेत लिहिले गेलेले सर्वांत महत्त्वाचे पत्र ते असावे. आपल्याच सेवेतल्या, उद्या ज्याच्या हाताखाली जायचे अशा सहकाऱ्याच्या कामावर ते कोणी इतक्या उघडपणे लिहिले असते का? बहानगा बाजारच्या अपघातानंतर बोर्डाने जे आदेश काढले त्यांत एक होता: स्थानकाच्या हद्दीतल्या सिग्नलच्या गुमट्यांनाही दुहेरी कुलूप आहे याची खात्री करा. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती दोन किल्ल्यांची खोली, थोडी लहान.

तपासणारा वेगळा हवा, ही कल्पना रेल्वेला नवी नाही. १९४१ साली रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून बाहेर काढले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. रुळाचा तपास विमानवाल्या खात्याकडून होतो, हे ऐकून लोक हसतात. ती भिंत जाणून बांधलेली आहे.

आपल्याकडे तर हा विचार याहून जुना. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था सांगितली आहे: गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघे बरोबरीच्या दर्जाचे, धान्य आणि सामानसुमानाचा हिशेब कारखानिसाकडे वेगळा. एकट्या हवालदाराला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, हा हेतू. इथे तुलना ताणणार नाही. तो बंदोबस्त फितुरीविरुद्ध होता आणि आपण बोलतोय ते रोजच्या कामाविषयी. पण अधिकार वाटून दिला की राज्य चालत नाही, असे त्या काळच्या सर्वांत चोख प्रशासकाला वाटले नव्हते, एवढे त्यातून दिसते.

मग काहीच बदलू नये का? बदलावे, पण दुखते कुठे ते पाहून. बढतीचा मुद्दा मी वर मान्य केला होता. महाव्यवस्थापक आणि बोर्डाच्या सदस्याच्या खुर्चीवर कोणत्या सेवेतला माणूस येणार हे जन्मतारीख आणि कोटा ठरवत असतील, तर ती पद्धत मोडायलाच हवी. वरची पंधरा-वीस टक्के पदे सगळ्यांना खुली ठेवा. पंचवीस वर्षे एकाच खात्यात मुरलेल्या माणसाला त्यानंतर दुसरे खाते द्या, मंडळाचे प्रमुखपद द्या. पण हे मुरल्यानंतर. बाविसाव्या वर्षी सगळ्यांना ‘व्यवस्थापक’ म्हणून भरती करून कोणाला काहीच खोलवर येत नाही अशी एकी काय कामाची?

खरे दुखणे मला दिसते ते मिनिटांच्या हिशेबात. मंडळाच्या कार्यालयात रोज सकाळी बैठक होते: काल कोणती गाडी किती मिनिटे रखडली आणि ती मिनिटे कोणाच्या खात्यावर टाकायची. इंजिन बिघडले, सिग्नल लागेना, रुळावर वेगमर्यादा होती. प्रत्येक मिनिटाला एक धनी हवा असतो. मग कारण शोधण्याऐवजी मिनिटे ढकलण्याचे कौशल्य वाढते. सिग्नल लाल राहिला: सिग्नलवाला म्हणतो रुळाच्या सांध्यातले इन्सुलेशन फुटले, ते रूळवाल्यांचे, रूळवाला म्हणतो, तुमची तार तुटली. दोघेही पूर्ण खोटे बोलत नसतात, कारण सांध्याच्या जागी रूळ एकाचा आणि यंत्र दुसऱ्याचे असते, आणि तो कोणत्या बाजूला वळवायचा हे तिसरा ठरवतो. ही वही लिहिण्याची रीत तशीच ठेवून सगळ्यांना एका सेवेत घातले, तर मिनिटे ढकलणारे हात तेच राहतील, फक्त त्यांचे ओळखपत्र एक होईल.

सांध्यावरची मिनिटे दोघांच्या नावावर सारखी लिहा. संयुक्त पाहणी आजही होते, रूळवाला आणि सिग्नलवाला मिळून सांधे पाहतात; त्या पाहणीच्या वहीतला शेरा ज्या तारखेला लिहिला आणि ज्या तारखेला मिटला, यातले अंतर दोघांच्याही वार्षिक अहवालात जाऊ द्या. ब्लॉक मागणाऱ्याला मिळालेले तास मोजतात, तसे त्या तासांत शेजारच्या किती खात्यांनी काम उरकले तेही मोजा. आणि वाद मिटवणारा माणूस जवळ ठेवा. मंडळ रेल्वे प्रबंधक हे पद त्यासाठीच आहे. पण एखादे लहानसे काम मंजूर करायलाही त्याला मुख्यालयातल्या खातेप्रमुखांचे तोंड पाहावे लागत असेल, तर मंडळात एकत्र बसलेली खाती आपापल्या मुख्यालयाकडेच पाहत राहणार. दिल्लीत बोर्डाचे सदस्य आठावरून चारावर आले की मुलुंडच्या सांध्यावर सहकार्य वाढते, ही साखळी मला तरी जोडता आलेली नाही. मंडळातल्या माणसाला पैसे आणि निर्णयाचा हक्क दिला तर वाढेल, ही जोडता येते.

पूर्वपक्षाकडून एक आक्षेप अजून येईल: एवढ्या सह्या, एवढे मेमो, यात वेळ जातो. जातो. ४ तास ५० मिनिटांच्या ब्लॉकमधला बराच वेळ घेण्यात आणि परत देण्यात जातो, प्रत्यक्ष कामाला तेवढा कमी उरतो. तो वाचवायचा तर मेमो फोनवर आणता येईल, वीज बंद केल्याचा आणि रूळ दिल्याचा निरोप एकाच वेळी दोघांच्या पडद्यावर दिसेल असे करता येईल. कागद कमी करा. दुसरी सही कमी करू नका.

रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास मुलुंडजवळच्या पुलावर उभे राहिलात तर हे डोळ्यांनी दिसते. ठासणी यंत्र मागे सरकते. गँगवाले खोरी, सब्बल मोजून घेतात. एक कमी असले तर रूळ देता येत नाही. ओव्हरहेडवाले अर्थचे दांडे काढतात आणि आपली माणसे मोजतात. सिग्नलवाला सांध्यापाशी उकिडवा बसून ती ५ मिलिमीटरची पट्टी फटीत धरतो. यंत्र घरघरते, कुलूप लागत नाही, तो पट्टी काढून खिशात टाकतो. रूळवाला वेगमर्यादा लिहून रूळ दिल्याची सही करतो. मास्तर कंट्रोलरला निरोपाची खूण म्हणून खासगी क्रमांक सांगतो, कंट्रोलर आपला क्रमांक देतो, दोघे आपापल्या वहीत लिहितात. मग कल्याणकडून पहिली धीमी लोकल येते, दारात लोंबकळणारी माणसे आणि सगळे. ताज्या खडीवरून ती इतकी हळू जाते, की रुळाशेजारी उभा असलेला रूळवाला चाकाखाली पाहत तिच्याबरोबर दहा-बारा पावले चालू शकतो.